राखणीविना

सेलिंगच्या पुढच्या वळणावर आमचं दुकान आहे.
दुकान म्हणजे चार बांबू, वर पत्रा,
आणि मी नाही.

उजाडताना भोपळे मांडायचे,
आलं, मोहरीच्या पाल्याच्या जुड्या,
पुठ्ठ्यावर कोळशाने भाव लिहायचा,
पावडरच्या डब्याला पाडलेली फट
रस्त्याकडे करायची
आणि उतरायचं खाली शेतात,
जिथून रस्ता दिसत नाही,
फक्त ट्रकचा गिअर बदलल्याचा आवाज येतो.

संध्याकाळी डबा उघडला
की मला माणसं भेटतात.
एका नोटेला डिझेलचा वास.
एक वीसची, आठ पदरी दुमडलेली,
कुणाच्या तरी नजरेआड ठेवलेली असणार.
कुणी पाच रुपये जास्तीचे टाकून गेलेलं.
कुणी एकदा बटण टाकलं, शर्टाचं, पांढरं.
त्याचा अर्थ अजून लागलेला नाही मला.
ठेवून दिलंय.

लोकांना वाटतं, आमच्याकडे श्रद्धा
नाकाच्या ठेवणीसारखी जन्मतःच मिळते.
खरं सांगू?
बुधवारच्या प्रार्थनेत मी डोळे मिटते ते पेंगायला.
फळ्यावर खडूने डो-रे-मी लिहिलेलं असतं,
अवघड सूर आला की मी नुसते ओठ हलवते
आणि पी ङ्घाकी पुढच्या रांगेतून
मान न वळवता ओळखतात.

तांदळाची मूठ मात्र चुकवत नाही.
भात टाकण्याआधी एक मूठ बाजूला, चर्चसाठी,
दोन्ही वेळा.
आई म्हणायची, आवळायची नाही
आणि सैलही सोडायची नाही.
ती गेली त्या रात्री सगळं गाव घरात गात बसलं होतं,
पोरांनी सकाळपर्यंत खड्डा खणून ठेवला,
त्यातल्या दोघांची नावंही मला माहीत नव्हती.
तिचा हात माझ्याहून मोठा होता.
तेव्हापासून चर्चला दर जेवणामागे
दहा-बारा दाणे कमी मिळतात.
कुणी विचारत नाही.

मार्चमध्ये डब्यात एक परकी नोट निघाली,
सिंहासारखं काहीतरी छापलेली,
तियाऊ नदीच्या पलीकडची.
एक भोपळा कमी.
भाऊ म्हणाला, फसवलं.
बाबा म्हणाले, इथे चालत नाही ही.
मी म्हटलं, न्यायचाच होता
तर काहीच न टाकता नेता आला असता ना?
कुणी उत्तर दिलं नाही. जेवत होते.

रविवारी मी ती दानाच्या पिशवीत टाकली.
पैसे मोजताना उपा ह्मिंगांनी ती उजेडात धरली,
कुणी टाकली ते विचारलं नाही,
एवढंच म्हणाले,
हॉलमध्ये तीन कुटुंबं उतरलीत, त्यांना चूल हवी आहे.

मी तांदूळ घेऊन गेले.
तिचं नाव तियाल ह्नेम.
आमचे अर्धे शब्द जुळत होते,
उरलेल्या अर्ध्यांसाठी हात.
खिडकीत, वर्तमानपत्रावर,
भोपळ्याच्या बिया वाळत घातलेल्या.
मला कळलं. मी बोलले नाही.
तिच्या पोराच्या शर्टाची बटणं
मात्र उगाच मोजली.
सगळी होती.

निघताना तिनेच विचारलं,
वळणावरच्या त्या दुकानात कोण बसतं?
कुणीच नाही, मी म्हटलं.
ती म्हणाली, म्हणून तर थांबले.
तिथे कुणी बसलेलं असतं
तर तो पैसा हातात धरून
मी पुढेच चालत गेले असते.

बुधवारी प्रार्थनेत डोळे मिटले
तर हेच वाक्य,
आणि झोप काही लागेना.

अवघड सूर अजून जमत नाही.